गावातला फ्रिज: ऊन, लाईन आणि धूळ सांभाळून तो सुरक्षित कसा वापरायचा

फ्रिजच्या मागे किंवा आत भाजीच्या ट्रेजवळ एक लहानसं स्टिकर असतं. मॉडेल नंबर, व्होल्ट, गॅसचं नाव या गर्दीत तिथे ‘क्लायमेट क्लास’ दिलेला असतो: एन, एसटी किंवा टी. एन वर्गाचा फ्रिज खोलीचं तापमान ३२ अंश सेल्सिअसपर्यंत असेल तोवर ठरलेला थंडावा देतो. एसटीची मर्यादा ३८ अंश, टीची ४३. आता मे महिन्यातली चंद्रपूर, ब्रह्मपुरी, वर्धा किंवा अकोल्याकडची दुपार डोळ्यांसमोर आणा. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर, आणि टिनाखालच्या स्वयंपाकघरात चूल नाहीतर गॅस पेटलेला. टी वर्गातला फ्रिजसुद्धा अशा दिवसांत आपल्या मर्यादेच्या बाहेर राबत असतो. वरून लाईन येते-जाते, व्होल्टेज वरखाली होतं, आणि हंगामात मळणीची धूळ घरभर बसते.

सोबत आलेलं माहितीपुस्तक हे सगळं गृहीत धरून लिहिलेलं नसतं. त्यामुळे आपल्याकडे फ्रिज लवकर बिघडतो, बिल वाढतं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे शॉक लागतो किंवा फ्रिजमधलं म्हणून विश्वासाने खाल्लेलं अन्न बाधतं. हे टाळता येतं. नवा फ्रिज घेणार असाल तर दुकानातच ते स्टिकर वाचा आणि टी वर्गाचाच घ्या. दार किती चकचकीत आहे, यापेक्षा हे एक अक्षर आपल्या कामाचं आहे.

घरी आणल्यावर

तालुक्याहून फ्रिज टेम्पोत उभाच आणायचा. आडवा केला की काँप्रेसरमधलं तेल नळ्यांमध्ये शिरतं. उभा आणला असला तरी जागेवर ठेवून तीन-चार तास थांबून मगच चालू करा. आडवा आणावाच लागला असेल तर एक दिवस तसाच उभा राहू द्या. घरच्यांना घाई असते, लेकरं बर्फासाठी ट्रे भरून तयार असतात, तरी थांबा.

जागा निवडताना पश्चिमेची तापणारी भिंत, चूल आणि खिडकीतलं ऊन टाळा. मागे वीतभर आणि दोन्ही बाजूंना चार-चार बोटं मोकळी सोडा. आतली उष्णता बाहेर टाकणं एवढंच फ्रिजचं काम आहे, आणि ती टाकायला हवा लागते. हल्लीच्या बऱ्याच फ्रिजना मागे काळी जाळी नसते, ती बाजूच्या पत्र्याच्या आत असते. त्यामुळे बाजू हाताला गरम लागल्या तर घाबरायचं कारण नाही. पण त्या बाजूंवर कव्हर घालू नका आणि धान्याची पोती टेकवू नका. टिनाच्या घरात सगळ्यात थंड जागा बहुतेकदा मधल्या खोलीत असते. फ्रिज स्वयंपाकघरातच हवा असा काही नियम नाही.

सारवलेल्या जमिनीवर फ्रिज हळूहळू एका बाजूला कलतो आणि दार नीट लागत नाही. खाली जाड फळी किंवा स्टँड ठेवा, पुढचे पाय किंचित उंच ठेवा म्हणजे दार आपल्या वजनाने मिटतं. पावसाळ्यात घरात पाणी शिरत असेल तर स्टँड आणखी उंच हवा. उन्हाळ्यात कूलरची ओली हवा फ्रिजच्या अंगावर येऊ देऊ नका, आणि कूलर व फ्रिज एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर कधीही लावू नका. फ्रिजला भिंतीतला स्वतःचा थ्री-पिन सॉकेट हवा.

आधी अर्थिंग, मग बाकी सगळं

या लेखातलं एकच काम करणार असाल तर हे करा.

फ्रिजचं अंग पत्र्याचं असतं. आत कुठे वायरचं वेष्टण फाटलं, उंदराने कुरतडलं किंवा काँप्रेसरचं इन्सुलेशन गेलं, की करंट पत्र्यावर येतो. अर्थिंग चांगली असेल तर तो जमिनीत जातो आणि फ्यूज किंवा स्विच पडतो. अर्थिंग नसेल तर तो पत्र्यावरच थांबतो. मग कोणी ओल्या हाताने, अनवाणी, ओल्या फरशीवर उभं राहून दाराचा दांडा धरतं. पावसाळ्यात ‘फ्रिजला हात लावला की मुंग्या येतात’ असं घराघरांत ऐकू येतं आणि लोक ते चालवून घेतात. मुंग्या येणं हा शेवटचा इशारा समजा आणि त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

तो आला की त्याच्याकडून पुढच्या गोष्टी समोर उभं राहून तपासून घ्या. सॉकेटचं वरचं, मोठं भोक अर्थिंगचं असतं. तिथून निघालेली हिरवी वायर खरोखर जमिनीतल्या अर्थिंगपर्यंत जाते का, हे पाहायला सांगा. कित्येक घरांत ती वायर बोर्डाच्या आतच तुटक लोंबकळत असते. टेस्ट लॅम्पची एक टोकाची वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगला लावल्यावर बल्ब पूर्ण उजेडाने पेटला पाहिजे. मंद लुकलुकला किंवा पेटलाच नाही, तर अर्थिंग कामाची नाही. मीटर असेल तर फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज दिसायला हवं.

काही जण सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थिंगची भोकं एका तुकड्याने जोडून देतात आणि म्हणतात, ‘झाली अर्थिंग.’ हे जीवघेणं आहे. खांबावर किंवा बोर्डात न्यूट्रल तुटला, की त्या जोडामुळे फ्रिजचं सगळं अंग करंटवर येतं. असा जोड दिसला तर तो तिथल्या तिथे काढायला लावा. प्लगची तिसरी पिन मोडून टू-पिनमध्ये बसवणं किंवा टू-पिनचा जोड लावणं हाही तोच धोका.

आपल्या काळ्या मातीची एक अडचण आहे. उन्हाळ्यात ती आकसते, भेगा पडतात आणि जमिनीत पुरलेल्या अर्थिंगच्या पाइपभोवती पोकळी तयार होते. पावसाळ्यात उत्तम असलेली अर्थिंग एप्रिल-मे महिन्यात निकामी होते ती यामुळे. पाइपभोवती कोळसा आणि मीठ घालून खड्डा नीट भरून घ्या आणि उन्हाळाभर आठवड्यातून एक-दोन बादल्या पाणी त्यात ओतत चला. धुण्याचं पाणी त्या बाजूला वळवलं तरी काम होतं.

दुसरा पहारेकरी म्हणजे आरसीसीबी. मेन बोर्डावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवला, तर माणसाच्या अंगातून करंट जाऊ लागताच तो क्षणात लाईन तोडतो. नेहमीचा एमसीबी हे काम करत नाही, तो जास्त लोड आणि शॉर्टसर्किटसाठी असतो. आरसीसीबीवर एक ‘टेस्ट’ बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबून पाहा. स्विच पडला म्हणजे तो जिवंत आहे.

कोणाला शॉक लागून हात चिकटला असेल तर त्याला धरायला धावू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते शक्य नसेल तर पायाखाली कोरडी फळी घेऊन कोरड्या काठीने त्याला दूर करा. मग १०८ ला फोन करा. श्वास थांबला असेल आणि कोणाला येत असेल तर छाती दाबणं लगेच सुरू करा.

डीपीवरचं व्होल्टेज आणि फ्रिजचा जीव

आपल्याकडे ठरलेलं व्होल्टेज २३० असतं. पण शेताची थ्री-फेज सुरू झाली आणि पंधरा-वीस मोटारी एकदम पाणी ओढू लागल्या, की शेतातल्या घरातला बल्ब पिवळा पडतो. इतक्या कमी व्होल्टेजवर काँप्रेसर सुरूच होऊ शकत नाही, जास्त करंट खेचतो, तापतो. मग मागून ‘टक्’ असा आवाज येतो आणि तो बंद पडतो. थोड्या वेळाने पुन्हा घुरघुर आणि पुन्हा टक्. तो आवाज ओव्हरलोडचा, म्हणजे काँप्रेसर जास्त तापला की करंट तोडणाऱ्या लहान स्विचचा आहे. तो काँप्रेसरला वाचवतो आहे. असं दोन-तीनदा ऐकू आलं की फ्रिजचा स्विच बंद करा आणि व्होल्टेज सुधारल्यावरच लावा.

याउलट डीपीवरचा न्यूट्रल तुटला, तर घरात चारशेच्या जवळपास व्होल्टेज येऊ शकतं. बल्ब एकदम पांढरेफटक पडतात, पंखे सुसाट फिरतात. मेन तात्काळ बंद करा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर किंवा गावच्या लाईनमनला कळवा.

फ्रिजसाठीचा वेगळा स्टॅबिलायझर घ्या, आणि त्यात ‘टाइम डिले’ असलाच पाहिजे. लाईन गेली आणि लगेच आली तर काँप्रेसरच्या नळ्यांमधला दाब उतरलेला नसतो. त्या स्थितीत तो सुरू झाला की त्याच्यावर मोठा ताण येतो. तीन ते पाच मिनिटं जाऊ द्यावी लागतात, आणि टाइम डिले ती आपोआप जाऊ देतो. स्टॅबिलायझर नसेल तर लाईन गेल्याबरोबर फ्रिजचा स्विच बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा. लाईन परत येऊन टिकली, पाच मिनिटं झाली, की मग चालू. ‘स्टॅबिलायझरची गरज नाही’ असं छापलेला फ्रिज असेल तर तो कोणत्या व्होल्टेजपासून कोणत्या व्होल्टेजपर्यंत चालतो हे पुस्तकात पाहा. शेतातल्या घरात मी तरीही स्टॅबिलायझर लावायलाच सांगेन.

पंखे-बल्बसाठी घेतलेल्या लहान इन्व्हर्टरवर फ्रिज टाकू नका. सुरू होताना काँप्रेसर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. स्क्वेअर वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर मोटार तापते ती वेगळी.

मृगाच्या आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा फ्रिजचा प्लग काढून ठेवा, नुसता स्विच बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. शेतात जाणाऱ्यांच्या फोनमध्ये ते तसंही असावं.

आत किती थंड आहे, हे मोजून पाहा

फ्रिजच्या कप्प्यात ४ अंशांच्या आसपास थंडी हवी, फार तर ५. त्यापुढे ६० अंशांपर्यंतच्या पट्ट्यात जंतू जोमाने वाढतात. थंड लागतंय की नाही हे हाताला कळतं, पण चार अंश आणि दहा अंश यांतला फरक कळत नाही, आणि दूध नासण्याचं मूळ तिथेच असतं. मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन मिळणारा साधा फ्रिजचा थर्मामीटर पाणी भरलेल्या पेल्यात बुडवून मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी दार पहिल्यांदा उघडताच वाचा. ताप मोजायचा थर्मामीटर इथे चालत नाही.

आकडा जास्त आला तर आतलं बटण फिरवा. त्यावरचे आकडे अंश नसतात. मोठा आकडा म्हणजे जास्त थंडी. उन्हाळ्यात मोठा आकडा ठेवून बघा, पण ‘कूलिंग येत नाही’ म्हणून थेट शेवटच्या आकड्यावर नेऊन सोडून देऊ नका. काँप्रेसर न थांबता चालत राहतो, बर्फाचा थर वाढतो आणि खालच्या कप्प्यात उलट कमी थंडावा पोहोचतो. हिवाळ्यातही एक गंमत होते. डिसेंबर-जानेवारीत गोंदिया, नागपूरकडे घर थंडगार पडलं की फ्रिजला वाटतं आत पुरेसं थंड आहे. काँप्रेसर फार कमी वेळा सुरू होतो आणि वरच्या कप्प्यातला बर्फ मऊ पडतो. तो बिघाड नाही.

काय ठेवायचं, कुठे आणि किती दिवस

कच्चं मटण, चिकन, मासोळी यांचं पाणी दुसऱ्या अन्नावर गळणं हा सगळ्यात मोठा धोका. ते झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, सगळ्यात खालच्या फळीवर ठेवा. त्याच्या खाली भाजीचा ट्रे असतो, म्हणून डब्याखाली एक ताटली ठेवा. आठवडी बाजारातून मटण घेऊन मोटारसायकलवर घरी येईपर्यंत उन्हाळ्यात तासभर जातो, आणि चाळीसच्या वर पारा असताना तेवढ्याच वेळात ते बिघडायला लागतं. बाजारात सगळ्यात शेवटी मटण घ्या आणि सोबत बर्फ किंवा गोठवलेली पाण्याची बाटली न्या. भंडारा-गोंदियाच्या तलावातली ताजी मासोळी तर त्याहून नाजूक. आणल्यावर लगेच साफ करून तळा, शिजवा किंवा गोठवा. सिंगल डोअर फ्रिजचा बर्फाचा कप्पा मोठ्या डीप फ्रीजरइतका थंड नसतो, त्यामुळे त्यात महिन्याचं मटण साठवायचा विचार सोडा. दोन-तीन दिवसांत संपवा.

शिजलेलं अन्न गरम असतानाच फ्रिजमध्ये ढकलू नये हे आपल्याला माहीत असतं. मग ते थंड व्हायला म्हणून दुपारभर ओट्यावर राहतं, आणि त्यातून जास्त नुकसान होतं. वरण किंवा रस्सा पसरट गंजात (पातेल्यात) ओतून तो गंज थंड पाण्याच्या परातीत ठेवा, अर्ध्या तासात कोमट होतो. शिजल्यापासून दोन तासांच्या आत, आणि उन्हाळ्यात एका तासाच्या आत, तो फ्रिजमध्ये गेला पाहिजे.

भाताची वेगळी काळजी घ्या. तांदळातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. भात उबदार जागी तासन्‌तास राहिला की ते जागे होऊन विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. रात्रीचा भात सकाळी फोडणी देऊन खायचा असेल तर तो रात्रीच लवकर पसरून, झाकून फ्रिजमध्ये टाका आणि एका दिवसात संपवा. झाकणाविना बाहेर राहिलेला भात लेकरांच्या डब्यात देऊ नका.

बाकी शिजलेलं अन्न दोन दिवस. पुस्तकांत तीन-चार दिवस लिहिलेलं असतं, पण ते लाईन चोवीस तास असते तिथलं. खाताना फक्त लागेल तेवढंच काढून खळखळ उकळा. पूर्ण भांडं गरम करून पुन्हा आत ठेवायचं नाही.

दूध उकळून, गार करून आतल्या फळीवर ठेवा. दारातले कप्पे सगळ्यात गरम असतात, तिथे पाण्याच्या बाटल्या, लोणचं, सॉस. सांबार, म्हणजे कोथिंबीर, धुऊन तसाच ओला ठेवला की दुसऱ्या दिवशी काळा पडतो. मुळं काढा, पूर्ण कोरडा करा, सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवा. आठवडाभर हिरवा राहतो. हिरव्या मिरचीचे देठ काढले की ती जास्त टिकते. कांदे, लसूण, बटाटे आत ठेवू नका. अख्खं टरबूज बाहेरच बरं, पण चिरलेलं झाकून आतच. अक्षय तृतीयेचा उरलेला आमरस गोठवला तर टिकतो. नुसता आत ठेवलेला दुसऱ्या दिवशी आंबायला लागतो. आणि फ्रिज ठासून भरू नका, थंड हवेला फिरायला जागा लागते.

वर्तमानपत्रात गुंडाळून अन्न ठेवू नका, छपाईची शाई अन्नाला लागते.

लाईन गेल्यावर

पहिला नियम, दार उघडायचं नाही. बंद फ्रिज साधारण चार तास थंडी धरून ठेवतो. हा आकडा बेताच्या तापमानाच्या खोलीचा आहे. मे महिन्यात टिनाखाली दोन-अडीच तासच धरून चाला.

ही वेळ वाढवण्यासाठी बर्फाच्या कप्प्यात मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवा, वरून चार बोटं रिकाम्या. लाईन जास्त वेळ येणार नाही असं कळलं की त्यांतल्या दोन चटकन दुधाच्या फळीवर ठेवा आणि दार लावा.

दुसरी खूण वाटीची. एका वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणं ठेवा आणि ती बर्फाच्या कप्प्यातच राहू द्या. लग्नकार्याला जाऊन चार दिवसांनी परतलात आणि नाणं वाटीच्या तळाशी गोठलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळा बर्फ वितळून पुन्हा जमला आहे. त्या कप्प्यातलं मटण फेकून द्या, दिसायला कितीही चांगलं असलं तरी.

लाईन आल्यावर थर्मामीटर पाहा. चारच्या वरच्या तापमानात दोन तासांहून जास्त वेळ गेला असेल, तर दूध, दुधाचे पदार्थ (दही वगळून), मटण, मासोळी, अंडी घातलेले पदार्थ, वरण, भात, रस्सा यांवर विश्वास ठेवू नका. वास आला नाही म्हणून अन्न चांगलं आहे असं होत नाही. आजारी पाडणारे कित्येक जंतू वासच देत नाहीत. अख्ख्या भाज्या, फळं, तूप, लोणचं, सुकी चटणी यांना काही होत नाही. थंड असतानाच लाईन लांबणार हे कळलं, तर दूध लगेच उकळून त्या वेळेला वापरून टाका. घरात गरोदर बाई, तान्हं लेकरू किंवा म्हातारं माणूस असेल तर शंका आल्याबरोबर फेका. शे-दोनशे रुपयांचं मटण दवाखान्याच्या एका खेपेपेक्षा स्वस्त पडतं.

औषधं आणि शेतीचं सामान

न उघडलेली इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायची असते. ती बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवली तर गोठते, आणि एकदा गोठलेली इन्सुलिन वितळल्यावरही वापरायची नाही. मधल्या फळीवर, पुढच्या बाजूला, झाकणाच्या डब्यात ठेवा. वापरात असलेली बाटली बाहेर किती तापमानात किती दिवस चालते हे तिच्या लेबलावर असतं, पण आपल्या उन्हाळ्यातली खोली त्या मर्यादेत बसत नाही. लाईन नसताना मोठ्या माठात वाळू भरा, ती ओली करा, त्यात लहान मडकं बसवा आणि औषधाचा बंद डबा त्या मडक्यात ठेवून वर ओलं कापड टाका. एप्रिल-मे महिन्यातल्या कोरड्या हवेत हे छान थंड होतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत मात्र त्याचा उपयोग नाही.

कपाशीवाल्या घरांत गुलाबी बोंडअळीच्या कामगंध सापळ्यांचे ल्युर (पतंगाला गंधाने ओढणारं आमिष) किंवा ट्रायकोकार्ड (मित्रकीटकांचं कार्ड) फ्रिजमध्ये ठेवलेले दिसतात. त्यांना थंडी लागते हे खरं. हवाबंद डब्यात, वर ठळक अक्षरांत नाव लिहून, अन्नापासून वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. पण फवारणीचं औषध, अर्धी उरलेली बाटली असो की पुडी, फ्रिजमध्ये कधीच नको. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. ही औषधं किती घातक आहेत हे आपण जवळून पाहिलं आहे. तहानलेलं लेकरू फ्रिजमधली कुठलीही बाटली तोंडाला लावतं.

बर्फ काढणं

सिंगल डोअर फ्रिजमध्ये बर्फाचा थर अर्धा सेंटीमीटर झाला की काढायला हवा. जाड बर्फ थंडी आत येऊ देत नाही आणि बिल वाढवतो.

१. लाईन असण्याच्या दिवशी, सकाळच्या गारव्यात काम काढा. दूध-भाजी जाड गोधडीत गुंडाळून बर्फाच्या बाटल्यांसोबत टोपलीत ठेवा.

२. डीफ्रॉस्टचं बटण असेल तर दाबा. पूर्ण सफाई करायची असेल तर प्लगच काढा आणि दार उघडं ठेवा.

३. बर्फाच्या कप्प्यात कोमट पाण्याचं एक भांडं ठेवा. उकळतं नको. खाली जुनी फडकी पसरा.

४. बर्फ सुटा होऊन आपोआप खाली पडेपर्यंत वाट पाहा.

५. कप्पा कोरडा पुसा, तासभर चालू ठेवून मग सामान परत लावा.

सुरी, उलथणं, पेचकस यांनी बर्फ खरवडू नका, हे कळकळीचं सांगणं आहे. त्या कप्प्याच्या भिंतीतच गॅसच्या पातळ अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या असतात. टोक लागलं की आधी ‘फुस्स’ असा बारीक आवाज येतो, मग काही क्षण थंड फवारा, आणि मग फ्रिज कधीच थंड होत नाही. हल्लीच्या बऱ्याच घरगुती फ्रिजमध्ये आर-६००ए नावाचा गॅस असतो. तो शंभर ग्रॅमच्या आतच असतो, पण पेट घेणारा आहे. फुस्स ऐकू आलं तर चूल, उदबत्ती विझवा, खिडक्या-दारं उघडा, आणि तिथलं कुठलंही विजेचं बटण चालू किंवा बंद करू नका. मेन बाहेरून पाडा.

रबर, जाळी आणि मागचा ट्रे

दाराच्या रबराच्या घड्या बोटाने उघडून पाहा. आत पिठाचा चिकट थर, धुराची काजळी आणि पावसाळ्यात बुरशीचे काळे ठिपके दिसतील. लिटरभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून जुन्या दात घासायच्या ब्रशने ते साफ करा, कोरडं पुसा. मग दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर तिथून थंडी गळते आहे. चारही बाजूंनी तपासा. कडक झालेलं रबर गरम पाण्यात भिजवलेल्या कापडाने शेकलं की कधी कधी परत बसतं; नाहीतर बदला, खर्च फार नाही.

त्याच सोड्याच्या पाण्याने आतून पुसा. साबणाची पावडर वापरू नका, वास अन्नाला लागतो. भाजीच्या ट्रेखाली पाणी साचत असेल तर मागच्या भिंतीतलं निचऱ्याचं छिद्र भरलेलं असतं. इअरबड आणि कोमट पाण्याने ते मोकळं करा, तार घालू नका.

मागे जाळी असेल तर सोयाबीन-तुरीची मळणी संपली आणि कापूस घरात आला की एकदा प्लग काढून ती मऊ ब्रशने झाडा. कापसाचे तंतू आणि धूळ मिळून जाळीवर गादीच तयार होते, आणि काँप्रेसर दुप्पट राबतो. तेव्हाच वायर उंदराने कुरतडली आहे का तेही पाहा. चिकटपट्टी लावून काम चालवू नका, वायर बदला.

मागे काँप्रेसरवर एक छोटा ट्रे असतो. आतलं वितळलेलं पाणी तिथे जमतं. बॅटरी धरून पाहिलंत तर कधी कधी त्यात बारीक वळवळणाऱ्या अळ्या दिसतात. त्या डेंग्यूच्या डासाच्या असू शकतात. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा हा ट्रे रिकामा करून घासून कोरडा करा. आशाताई ‘कोरडा दिवस पाळा’ म्हणतात त्यात टाक्या, रांजण, कूलर यांच्यासोबत हा ट्रेही येतो, आणि नेमका तोच राहून जातो.

मेकॅनिकला बोलावल्यावर

कूलिंग कमी झालं की पहिला प्रश्न असतो, ‘दादा, गॅस संपला काय?’ गॅस वापराने संपत नाही, तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. ती शोधून बंद केल्याशिवाय नुसता गॅस भरणाऱ्याला पैसे देऊ नका, दोन महिन्यांनी पुन्हा तोच प्रश्न उभा राहील. स्टिकरवर जो गॅस लिहिला आहे तोच भरायला सांगा, त्या काँप्रेसरला दुसरा चालत नाही. आर-६००ए असेल तर काम मोकळ्या हवेत, आत उरलेला गॅस आधी नीट बाहेर काढूनच झालं पाहिजे. नळीला ज्योत लावायची ती त्यानंतर. जळकट वास, ठिणगी, वायर वितळलेली किंवा पत्र्याला मुंग्या येत असतील तर स्वतः उघडायला जाऊ नका. प्लग काढा आणि वाट पाहा.

बोलावण्याआधी पाच गोष्टी स्वतः बघा: व्होल्टेज, दाराचं रबर, बर्फाचा थर, मागची धूळ आणि बटणाचा आकडा. बऱ्याचदा मेकॅनिकचा खर्च तिथेच वाचतो.

जुना फ्रिज टाकताना

बंद पडलेला फ्रिज अंगणात किंवा गोठ्यात पेटी म्हणून ठेवायचा असेल तर दार पूर्ण काढून टाका. लपाछपी खेळताना लेकरू आत शिरलं आणि दार बसलं, तर आतून ते उघडत नाही, हवाही मिळत नाही आणि आवाजही बाहेर येत नाही. भंगारवाल्याला देताना अंगणात नळ्या कापू देऊ नका. फार जुन्या फ्रिजमधला गॅस ओझोनच्या थराला मारक असतो, तर बऱ्याच नव्यांमधला पेट घेतो. ई-कचरा नियम २०२२ प्रमाणे जुना फ्रिज नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. नवा घेताना दुकानदाराला जुना बदल्यात घेतो का हे विचारा, आणि तो पुढे कुठे देतो हेही विचारा.